कॅरॅव्हान आणि ओढणारी गाडी : जोडी जुळते का कसं बघायचं? (यूके)

रानजाई

यूकेत पहिली कॅरॅव्हान (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेण्याचा विचार आहे. दोन मोठे, दोन लहान. गाडी आहे तीच ठेवायची आहे. कागदांवरचे आकडे असे :

गाडी : कर्ब वेट १५५० किलो, कमाल भारित वजन २१०० किलो, गाडी-ट्रेलर मिळून कमाल ३५०० किलो. ब्रोशरमध्ये ब्रेकवाला ट्रेलर ओढायची मर्यादा १५०० किलो. टोबार (ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे असतो तो दांडा) नंतर बसवलेला आहे, त्याच्या पट्टीवर डी ८.३ आणि एस ७५ असं कोरलंय.

कॅरॅव्हान 'अ' : एमटीपीएलएम १३००, मिरो ११६०.
कॅरॅव्हान 'ब' : एमटीपीएलएम १४८०, मिरो १३१०.

'ब'ची आतली रचना जास्त आवडली आहे. विक्रेता म्हणतो, गाडी १५०० ओढते, कॅरॅव्हान १४८०ची, मग प्रश्नच कुठे आहे? खरंच नाही का?

टॉर्कपाना

प्रश्न आहे, आणि एक नाही, चार-पाच आहेत. १५०० हा आकडा गाडी बनवणाऱ्याने दिलेला असतो तो मुख्यतः इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि चढावर पुन्हा निघण्याची क्षमता बघून. १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून निघता आलं पाहिजे, अशी ती चाचणी असते. ताशी ६० मैलांनी जाताना शेजारून लॉरी गेली तर मागची कॅरॅव्हान सरळ राहील की नाही, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

आधी शब्द नीट लावून घ्या, कारण अर्धे घोळ तिथेच होतात. मिरो म्हणजे कारखान्यातून निघालेल्या कॅरॅव्हानचं वजन. एमटीपीएलएम म्हणजे सामान भरून ती जास्तीत जास्त जेवढी होऊ शकते ते वजन. दोघांतला फरक म्हणजे तुमचा सामानाचा कोटा. जोडी जुळवताना नेहमी एमटीपीएलएम धरायचं, मिरो नाही. भरायला लागलं की कॅरॅव्हान कोटा संपवतेच.

गाडीच्या बाजूला कर्ब वेट, म्हणजे गाडीचं रिकामं वजन. इथेही सावध. युरोपियन पद्धतीने दिलेल्या आकड्यात ९० टक्के इंधन आणि ७५ किलोचा चालक धरलेला असतो, काही ब्रोशर चालकाशिवायचा आकडा छापतात. आणि वरच्या श्रेणीचं मॉडेल, काचेचं छप्पर, मोठी चाकं यांनी तोच आकडा ५०-६० किलोंनी सहज हलतो. व्ही५सी लॉगबुकात (गाडीच्या नोंदणीच्या कागदात) 'जी' या रकान्यात तुमच्या गाडीचं वजन सापडेल. त्याच कागदावर ओ.१ ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी आणि ओ.२ बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी. ओ.१ कोरा असेल तर आधी गाडीची पट्टी (कारखान्याने कमाल वजनं कोरून बसवलेली) आणि हँडबुक बघा. तिथेही काही नसेल तर ती गाडी ओढायला मंजूर नाही असं धरून चाला.

लीड्सकर

टॉर्कपाना यांना +१. आता ८५ टक्क्यांचं गणित. इथले कॅरॅव्हान क्लब आणि उद्योगसंघटना नवख्यांना सांगतात की कॅरॅव्हानचं एमटीपीएलएम गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. अनुभवी माणसानेही १०० टक्क्यांवर जाऊ नये.

१५५० चे ८५ टक्के = १३१७. 'अ' १३०० म्हणजे ८४ टक्के, बसते. 'ब' १४८० म्हणजे साडेपंचाण्णव.

हा कायदा नाही, सल्ला आहे. कायदा बघतो तो पट्टीवरच्या कमाल वजनांकडे, आणि गाडी-ट्रेलर धोकादायक अवस्थेत रस्त्यावर आणली का याकडे.

डिझेलभक्त

८५ टक्के वगैरे जुन्या जमान्यातलं आहे हो. तेव्हा गाड्यांना ७०-८० हॉर्सपॉवर असायची. आता दोन लिटर डिझेल, १५० हॉर्सपॉवर, साडेतीनशे न्यूटनमीटर टॉर्क. स्टॅबिलायझर आहे, कॅरॅव्हानला एटीसी (ती डोलू लागली की तिचे ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा) आहे. 'ब' खुशाल घ्या. नाहीतर मोठी एसयूव्ही घ्या, विषय संपला.

टॉर्कपाना

डिझेलभक्त, ताकद हा या प्रश्नाचा सगळ्यात सोपा भाग आहे. आजची दीड लिटरची टर्बो पेट्रोलसुद्धा २५० न्यूटनमीटर देते, तेवढ्यात 'अ' मोटरवेवर आरामात जाते. ८५ टक्क्यांचं कारण इंजिन नाहीच. मागचं वजन पुढच्याला हलवू लागलं तर कोण कोणाला सावरतं, हा मुद्दा आहे. शेपटीने कुत्र्याला हलवू नये एवढंच.

तुमच्या बोलण्यात एक खरं मात्र आहे : निव्वळ टक्केवारी पुरेशी नाही. बाथ विद्यापीठात कार आणि ट्रेलरच्या स्थैर्याच्या प्रत्यक्ष चाचण्या झाल्या आहेत. त्यांत ट्रेलरचं वजन किती यापेक्षा ते कुठे मांडलंय, हिचवर (कॅरॅव्हान गाडीला अडकवतो त्या पुढच्या टोकावर) किती भार येतो आणि चाकांचा आस कुठे आहे, या गोष्टी जास्त परिणाम करणाऱ्या दिसल्या. म्हणजे ८४ टक्क्यांची कॅरॅव्हान मागच्या टोकाला सामान ठासून भरली तर ती नीट भरलेल्या ९२ टक्केवालीपेक्षा वाईट वागू शकते.

'मोठी एसयूव्ही घ्या' हेही डोळे झाकून नको. टोयोटा आरएव्ही४ हायब्रिड घ्या : चारही चाकं चालणारी आवृत्ती १६५० किलो ओढते, दोन चाकांवर चालणारी फक्त ८००. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ८०० किलोत चारजणांची पारंपरिक कॅरॅव्हान येतच नाही. जुन्या प्रियसला तर ओढायला परवानगीच नव्हती.

हिचपिन

टोबारच्या पट्टीकडे कुणीच वळलं नाही अजून. रानजाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

एस ७५ म्हणजे टोबॉलवर (टोबारच्या टोकावरच्या गोळ्यावर) उभा भार जास्तीत जास्त ७५ किलो. याला नोजवेट म्हणतात. कॅरॅव्हानच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के नोजवेट ठेवावं असा सर्वसाधारण संकेत आहे. 'अ'साठी ६५ ते ९१. तुमची मर्यादा ७५, म्हणजे ६५ ते ७५ हा पट्टा मिळतो, काम होतं. 'ब'साठी ७४ ते १०४. म्हणजे पट्ट्याच्या अगदी तळाशी, एका किलोची जागा. पुढच्या पेटीत गॅसचं एक सिलिंडर जास्त ठेवलं की टोबारची मर्यादा मोडली, मागे सरकवलं की नाक हलकं.

इथे तीन आकडे असतात आणि सगळ्यात लहान तो खरा : गाडी बनवणाऱ्याची मर्यादा, टोबारची, आणि कॅरॅव्हानच्या हिचची. एएल-केओ कंपनीची हिच साधारण १०० किलो सोसते म्हणून खूश व्हायचं नाही, तुमचा टोबार ७५लाच थांबलाय.

आता डी. गाडी आणि कॅरॅव्हान एकमेकींना हिसके देतात तो आडवा ताण टोबार किती झेलेल, त्याचा हा आकडा, किलोन्यूटनमध्ये. सूत्र सोपं : दोघींच्या कमाल वजनांचा गुणाकार भागिले बेरीज, त्याला ९.८१ने गुणायचं, हजाराने भागायचं.

'अ' : २१०० गुणिले १३००, भागिले ३४०० = ८०३. गुणिले ९.८१ = ७.८८.
'ब' : २१०० गुणिले १४८०, भागिले ३५८० = ८६८. म्हणजे ८.५२.

पट्टीवर ८.३. 'ब' नापास.

हा टोबार बहुधा ३५०० वजा २१०० = १४०० किलो धरून बनवलाय, कारण २१०० आणि १४०० टाकलं की ८.२४ येतं. गाडी पूर्ण भरलेली असताना मागे १४००च लावता येतात, हे एकत्रित वजनाच्या आकड्यातूनही दिसतं. ब्रोशरमधले १५०० हे गाडी थोडी हलकी असतानाचे. विक्रेत्याने खोटं सांगितलं नाही, फक्त एकच आकडा बघितला.

रानजाई

बाप रे. डीचा अर्थ मला डिझेल वाटला होता. :) म्हणजे 'अ'. पण 'अ'चा कोटा १४० किलो. चार माणसांना पुरेल?

खडीसाखर

पुरेल, पण मोजून. घरच्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवून वहीत लिहा. ढोबळ अंदाज असा :

लीझर बॅटरी, म्हणजे कॅरॅव्हानच्या आतली वीज पुरवणारी, २२ किलो (मिरोमध्ये ती धरली आहे का, ब्रोशरची बारीक अक्षरं वाचा). मोटर मूव्हर (गाडीशिवाय कॅरॅव्हान हलवणारी मोटर) बसवला तर ३२च्या आसपास. हा लोक विसरतात, कारण तो 'सामान' वाटत नाही. पण कोट्यातूनच जातो. ऑनिंग (दाराबाहेर लावायचा तंबू) २५. पाण्याचा लोळवायचा पिंप आणि सांडपाण्याची टाकी, दोन्ही रिकाम्या, ८. विजेची २५ मीटर केबल आणि पायरी ६. इथेच ९३ झाले. उरले ४७.

४७ किलोंत चौघांची अंथरुणं-पांघरुणं, भांडी, कपडे, किराणा आणि बाहेरची टेबल-खुर्ची बसत नाही. मग कपड्यांच्या बॅगा, खुर्च्या आणि किराणा गाडीच्या डिकीत. तुमच्या गाडीला २१०० वजा १५५० म्हणजे ५५० किलोंची मोकळीक आहे (त्या १५५० मध्ये चालक धरलाय असं समजून). बाकीचे तिघं १३०, टोबार २५, नोजवेट ७५ काढले तरी ३२० उरतात. तिथे कंजुषी करायची गरज नाही.

पाणी भरून निघू नका. ४० लिटरचा पिंप म्हणजे ४० किलो. साइटवर नळ असतो. गिझरमधलं पाणीही सोडून निघा.

आणि आपल्या स्वयंपाकघराचं काय वजन होतं ते बघा : पाच लिटरचा कुकर, लोखंडी तवा, लाकडी पोळपाट, पाच किलोची तांदळाची पिशवी, कणकेचा डबा. दहा-बारा किलो कुठेच गेले नाहीत. ॲल्युमिनियमचा तीन लिटरचा कुकर आणि तयार पीठ तिथल्या दुकानातून.

लीड्सकर

काही मॉडेलचं एमटीपीएलएम कंपनीकडून कागदोपत्री वाढवून मिळतं, म्हणजे नवी पट्टी मिळते आणि २०-५० किलो कोटा वाढतो. पण आधी टायरची भारक्षमता बघा, आणि एटीसी असेल तर ते वजनाच्या पट्ट्यानुसार बसवलेलं असतं, नव्या वजनाला तेच चालेल का ते विचारा. 'अ' वाढवून १३५० केली तर ८७ टक्के होईल हेही लक्षात असू द्या.

भरून झाल्यावर एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन बघा. कॅरॅव्हानच्या चाकांचं वेगळं, गाडीच्या मागच्या आसाचं वेगळं.

हिचपिन

मागच्या आसाचं का, ते सांगतो. ७५ किलो टोबॉलवर ठेवले म्हणजे मागच्या चाकांवर ७५ येतात असं नाही. टोबॉल आसाच्या मागे असतो, तरफ होते. दोन चाकांमधलं अंतर २.७ मीटर आणि आसापासून टोबॉल १ मीटर धरलं तर मागच्या आसावर ७५ गुणिले ३.७ भागिले २.७ = १०३ किलो येतात आणि पुढचा आस २८ किलोंनी हलका होतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या गवतावर किंवा चढावर चाकं का फिरवते, त्याचं हे कारण. मागचा ओव्हरहँग (मागच्या आसापलीकडचा भाग) लांब असलेली गाडी याच कारणाने ओढायला कमी चांगली, मग वजन कितीही असो. डिकीतलं जड सामान म्हणून मागच्या सीटला टेकवून ठेवा, दाराशी नाही. मागच्या टायरमध्ये पूर्ण भाराचा दाब भरा, तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाआड असतो.

परदेशी_पाटील

लायसन्सचं काय? मी भारतातून येऊन इथे परीक्षा दिली २०१५ साली. ट्रेलरची वेगळी परीक्षा लागते असं ऐकलं होतं.

लीड्सकर

लागायची. १ जानेवारी १९९७ पासून गाडीची परीक्षा पास झालेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी बी+ई परीक्षा होती. १६ डिसेंबर २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये ती गेली. तुमच्या साध्या लायसन्सवर ३५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे. परीक्षा गेली म्हणून शिकायचं टाळू नका, क्लबांचे एक दिवसाचे वर्ग असतात आणि रिव्हर्स तिथे शिकलेलं बरं.

बाकी नियम भराभर : वेग दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, दुभाजकाच्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ६०. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन बंद. ट्रेलरची रुंदी २.५५ मीटर आणि लांबी ७ मीटरपर्यंत, त्यात पुढचा दांडा धरत नाहीत. मागे गाडीचाच नंबर असलेली पिवळी प्लेट. कॅरॅव्हान गाडीहून रुंद असेल, आणि ती असतेच, तर वाढीव आरसे. ते नसले तर १००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट.

नॉर्थ यॉर्कशरला जाणार असाल तर ए१७०वरची सटन बँक लक्षात ठेवा. १ इन ४ चढ (चार मीटरला एक मीटर), कॅरॅव्हानला मनाई. साध्या सॅटनॅवला ते कळत नाही.

वायरमन

टोबारच्या वायरिंगवर एक सूचना. स्वस्तात बायपास रिले (गाडीच्या संगणकाला वळसा घालणारी जोडणी) लावून दिवे लागतात खरे, पण गाडीला मागे ट्रेलर आहे हे कळतच नाही. गाडीसाठी बनवलेलं १३ पिनचं वायरिंग बसवून, कोडिंग करून घेतलं तर मागचे पार्किंग सेन्सर आपोआप बंद होतात, आणि गाडीत ट्रेलर स्थिर ठेवणारी प्रणाली असेल तर ती जागी होते. ब्रोशरमध्ये ती प्रणाली आहे आणि वायरिंग बायपासचं आहे, अशा गाड्या भरपूर फिरतायत. तुमचा टोबार नंतर बसवलाय, तेव्हा हे आधी तपासा.

अवांतर : जुन्या कॅरॅव्हानला ७ पिनचे दोन प्लग असतात, त्याला अडॉप्टर मिळतो.

डिझेलभक्त

बरं, 'ब' सोडा. पण स्टॅबिलायझर असताना नागमोडी होतेच कशी?

टॉर्कपाना

घर्षणाचा स्टॅबिलायझर पॅडनी टोबॉल घट्ट धरतो. त्यामुळे हेलकावे मंद होतात, पण मुळातलं कारण जात नाही. शिवाय टोबॉलवर ग्रीस किंवा रंग असेल तर पॅड निकामी. अशा हिचला टोबॉल कोरडाच हवा. नवा टोबॉल असेल तर रंग पॉलिश पेपरने काढून ब्रेक क्लीनरने पुसायचा. लांब मानेचा टोबॉलही लागतो, नाहीतर वळताना हिच टोबारच्या अंगाला घासते.

नागमोडी होण्याची नेहमीची कारणं : नाक हलकं, मागच्या टोकाला जड सामान (सायकली मागच्या भिंतीवर टांगणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग), टायरमध्ये दाब कमी, उतारावर वेग. सुरू झालीच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, हेलकाव्यांविरुद्ध फिरवत बसू नका, जोरात ब्रेक नको. वेग कमी झाला की ती स्वतः शांत होते. एटीसी कॅरॅव्हानचे ब्रेक स्वतः लावून हेच करतं. मग थांबून कारण शोधा. 'आता ठीक आहे' म्हणून पुन्हा ६०वर जाऊ नका.

हिचपिन

भरायची पद्धत : जड वस्तू आसाच्या वर, जमिनीलगत. ऑनिंग तिथेच. वरच्या कपाटांत पाव, चिवडा, टॉवेल. मागच्या टोकाला जवळपास काही नाही. मग मोजा. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, जॉकी व्हील (पुढचं आधाराचं छोटं चाक) वर घेऊन हिच नोजवेट गेजवर टेकवा. गेज नसेल तर बाथरूमचा काटा आणि त्यावर योग्य उंचीचा लाकडाचा तुकडा. गाडीला जोडल्यावर कॅरॅव्हान समपातळीत किंवा नाकाकडे किंचित झुकलेली दिसली पाहिजे. नाक वर दिसलं तर टोबॉलची उंची बघा, भरलेल्या गाडीत जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर हवी.

जोडताना हिचचं बटण हिरवं दिसलं म्हणून थांबू नका. जॉकी व्हील फिरवून हिच वर उचला, गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तरच ती बसली. मग स्टॅबिलायझरचा दांडा खाली, ब्रेकअवे केबल (कॅरॅव्हान सुटली तर तिचे ब्रेक लावणारी) टोबारच्या ठरलेल्या कडीत, प्लग, जॉकी व्हील पूर्ण वर आणि घट्ट, कोपऱ्यांचे चारही पाय वर, कॅरॅव्हानचा हँडब्रेक खाली, दिवे.

इलेक्ट्रिकल

पुढेमागे इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर? टेस्ला मॉडेल वाय १६०० किलो ओढते, किया ईव्ही६ आणि ह्युंदाई आयोनिक ५ यांच्या मोठ्या बॅटरीवाल्या आवृत्त्याही साधारण तेवढंच. बॅटरीमुळे या गाड्या मुळातच दोन टनांच्या आसपास, त्यामुळे 'अ' ६५ टक्क्यांच्या आतबाहेर बसते. जोडी म्हणून उत्तम. पल्ला मात्र जवळजवळ निम्मा होतो, कारण वजनापेक्षा ती उभी भिंत हवेत ढकलायची असते. आणि बहुतेक चार्जिंगच्या जागा गाडी आत घालून उभी करायच्या, आरपार जायच्या नाहीत. म्हणजे दर वेळी कॅरॅव्हान सोडा, चार्ज करा, पुन्हा जोडा.

खडीसाखर

'अ' जुनी आहे का नवी? जुनी असेल तर टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा, टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. पाच वर्षांनी बदलायला घ्या, सातच्या पुढे नकोच, नक्षी कितीही ताजी दिसो. ओल मोजायच्या यंत्राने खिडक्यांचे कोपरे, पुढच्या पेटीची मागची भिंत आणि छताच्या कडा. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २०च्या वर गेलं की मागे हटा. खिडकीच्या काचेवर १७ अंकी क्रिस क्रमांक (कॅरॅव्हानच्या नोंदणीचा) कोरलेला असतो, तो चासीवरच्याशी आणि कागदाशी जुळवा.

रानजाई

चार वर्षं जुनी आहे, टायर मूळचेच. वायरिंग बघून घेते. शेवटची शंका : गॅस पुढच्या पेटीत असतो, तो संपत आला की नाक हलकं होणार ना?

हिचपिन

होणार. सहा किलो प्रोपेन संपला तर नोजवेट अंदाजे तेवढंच घटतं, कारण पेटी हिचच्या अगदी जवळ आहे. निघताना ७२ असेल तर परतीला ६६-६७. तुमच्या ६५च्या वरच आहे, पण परतीला ऑनिंग ओलं असतं, त्याचं वजन वाढलेलं असतं आणि घाईत ते मागच्या पलंगावर फेकलं जातं. परत निघण्याआधीही एकदा मोजा. आणि हिवाळ्यात जाणार असाल तर प्रोपेनचं लाल सिलिंडरच घ्या, निळ्यातला ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचा थांबतो.